परदेशांतून सायकलीचे सुटे भाग मागवितांना

सायकल हें सामान्य माणसाचें वाहन होय, असें आपण नेहमीं म्हणतों. आणि आमच्या या किनाऱ्यापुरतें तरी तें अक्षरशः खरें आहे. अलिबागेहून चौल-रेवदंड्याकडे नारळी-पोफळींच्या वाड्यांतून जी सडक जाते, तिच्या कडेला सकाळीं क्षणभर उभें राहिलें, तर शाळेस निघालेल्या मुलामुलींच्या सायकली दृष्टीस पडतात. त्यांत आजोबांच्या वेळची काळी, उंच सायकल असते आणि गिअर लावलेली, रुंद टायरांची नवी सायकलहि असते. पहिलीचा कोणताहि भाग मोडला, तर तो गांवच्या दुकानांत खुंटीला टांगलेला सांपडतो. दुसरीची गोष्ट निराळी. तिचा एखादा बोटभर तुकडा कधीं कधीं सातासमुद्रापलीकडून आणावा लागतो.

हल्लीं हें आणणें वरवर पाहतां अगदीं सोपें झालें आहे. हातांतील मोबाईलवर चित्र पाहावें, बोट टेकवावें, वडिलांच्या बँकेच्या कार्डाचा आंकडा भरावा, कीं जर्मनी, इंग्लंड, जपान किंवा चीन येथील कोणी तरी दुकानदार माल रवाना करतो. मुलांना हा खेळ वाटतो आणि पालकांना हें गूढ वाटतें. वस्तुतः तो खेळहि नव्हे आणि गूढहि नव्हे, हें दाखवावें, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों. त्याला निमित्त झाली ती आमच्या एका विद्यार्थ्यावर ओढवलेली अडचण.

हा मुलगा त्या वेळीं दहावीच्या वर्गांत होता. घर चौलाच्या बाजूला, शाळेपासून बारा-तेरा किलोमीटर दूर. वडील व्यापारी जहाजावर नोकरीस. एका सफरीहून परततांना त्यांनीं परदेशांतील एका बंदरांत एक वापरलेली, पण उत्तम स्थितींतील गिअरची सायकल स्वस्तांत घेतली आणि मुलासाठीं घरीं आणली. दोन वर्षें ती बिनतक्रार चालली. पुढें भाद्रपदांतल्या एका वादळी रात्रीनंतर रस्त्यावर पडलेल्या नारळाच्या झावळीचा टणक तुकडा मागील चाकांत शिरला. गिअर बदलणारें यंत्र, ज्याला डिरेलर म्हणतात, तें चाकांत ओढलें गेलें आणि तें ज्या लहानशा पट्टीला टांगलेलें असतें, ती पट्टी मधोमध तुटली.

या पट्टीस हँगर असें नांव आहे. ती मुद्दाम नरम ॲल्युमिनिअमची करतात. आघात झाल्यास तिनें स्वतः मोडावें, परंतु सायकलीच्या सांगाड्याला धक्का लागूं देऊं नये, एवढेंच तिचें काम. घरांतील विजेचा फ्यूज जसा स्वतः जळून घर वांचवितो, तशीच ही योजना आहे. मात्र फ्यूजची तार कोणत्याहि दुकानांत मिळते. हँगरचें तसें नाहीं. निरनिराळ्या कारखान्यांनीं आपापल्या सायकलींसाठीं त्याचे शेंकडों आकार केलेले आहेत.

मुलानें मोबाईलवर शोध केला. आपल्या मोडक्या तुकड्यासारखेंच दिसणारें एक चित्र त्याला सांपडलें. पापड लाटून सांठविलेल्या पैशांतून आईनें चौदाशें रुपये काढून दिले. पांच आठवड्यांनीं पुडकें आलें. आंतील वस्तु नवी होती, चकचकीत होती, चित्राबरहुकूम होती; परंतु तिला दोन भोकें होतीं आणि सायकलीच्या सांगाड्याला एकच. परत पाठवावी, तर टपालखर्च वस्तूच्या किंमतीहून अधिक. तेव्हां ती खणांत पडून राहिली. मधल्या काळांत पहिली एस्. टी. चुकली, कीं पहिला तास बुडे. गणिताच्या दोन चांचण्यांत मुलगा मागें पडला. आईनें याविषयीं एक शब्दहि काढला नाहीं, आणि तेंच त्याच्या मनाला अधिक लागलें.

येथें चूक कोणाची? दुकानदारानें फसविलें नव्हतें, टपालानें हरविलें नव्हतें, पैसेहि बुडाले नव्हते. चूक एवढीच, कीं मुलानें चित्र मागविलें. माप मागविलें नाहीं.

आतां मापांचा हा घोटाळा उद्भवला कसा, हें समजण्यासाठीं थोडें मागें जाणें अवश्य आहे. परदेशी सायकल व तिचे परदेशी भाग ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. स्वातंत्र्यापूर्वीं हिंदुस्थानांत फिरणाऱ्या सायकली बहुतांशीं इंग्लंडांतून, बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम अशा शहरांतून, आगबोटीनें येत. पुढें मद्रासेस टी. आय. सायकल्स १९४९ सालीं, सोनीपत येथें ॲटलस १९५१ सालीं आणि लुधियाना येथें हीरो १९५६ सालीं, असे देशी कारखाने उभे राहिले. परंतु त्यांनीं जी काळी सायकल बनविली, ती इंग्रजी सायकलीच्याच वळणाची. म्हणून आजहि तिचीं मापें इंचांचीं आणि तिचे आटे इंग्रजी पद्धतीचे आहेत. इकडे परदेशांत मात्र काळ थांबला नव्हता. तेथें नव्या तऱ्हेच्या सायकली निघाल्या आणि त्यांचीं मापें बदलत गेलीं. आपल्याकडे आयातीवर दीर्घकाळ कडक निर्बंध असल्यामुळें हा बदल आपणांस फारसा दिसला नाहीं. १९९१ नंतर निर्बंध सैल होत गेले आणि १ एप्रिल २००१ रोजीं उरलेल्या ७१५ प्रकारच्या वस्तूंवरील आयातीचीं बंधनें उठविण्यांत आलीं. त्यानंतर परदेशी गिअरच्या सायकली हळूहळू आपल्या रस्त्यांवर दिसूं लागल्या. अशा रीतीनें एकाच सडकेवर दोन निरनिराळ्या वंशांच्या सायकली आज शेजारीं शेजारीं धांवत आहेत. आणि एकीचें माप दुसरीला चालत नाहीं.

याचें एक उदाहरण त्या मुलालाच मिळालें. सायकल बंद असतांना शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं कांहीं दिवस आपली काळी सायकल त्याला वापरावयास दिली. तिचा मागील टायर झिजून सूत बाहेर आलें होतें. उपकाराची फेड म्हणून मुलानें नवा टायर घ्यावयाचें ठरविलें. जर्मनींतील एका दुकानाच्या यादींत “२८ इंची” टायर त्याला दिसला. सुदैवानें या वेळीं त्यानें पैसे भरण्यापूर्वीं गांवांतील सायकलदुरुस्तीच्या दुकानांत विचारलें.

दुकानवाले काका हंसून म्हणाले, “पोरा, हाच टायर माझ्या दुकानांत तुझ्या डोक्यावर टांगला आहे. आणि तो तिकडचा आणलास, तर या रिमवर चढणारहि नाहीं. दोहोंवरचे बारीक आंकडे वाच म्हणजे समजेल.”

ते आंकडे कोणते, तें आमच्या वाचकांनींहि लक्षांत ठेवावें. प्रत्येक टायराच्या बाजूवर इंचांच्या मापाखेरीज दोन आंकड्यांची एक जोडी उठविलेली असते. पहिला आंकडा टायराची रुंदी सांगतो, दुसरा रिमवर टायर जेथें बसतो तेथील व्यास सांगतो. आणि दोन्ही मिलिमीटरांत असतात. आपल्या काळ्या सायकलीच्या २८ × १½ इंची टायरावर ४०-६३५ असें असतें. जर्मनींत ज्याला २८ इंची म्हणतात, त्यावर ४७-६२२ किंवा तत्सम आंकडे असतात. व्यासांत फरक तेरा मिलिमीटरांचा, म्हणजे परिघांत सुमारें एकेचाळीस मिलिमीटरांचा. नांव एकच, पण वस्तु दोन. तसेंच २६ इंचांचें. २६ × १⅜ या टायराचा व्यास ५९० मिलिमीटर आणि रुंद टायरांच्या डोंगरी सायकलीच्या २६ इंची टायराचा ५५९. उलट पक्षीं, ज्यांना कोणी “७०० सी” म्हणतात व कोणी “२९ इंची” म्हणतात, त्या दोहोंचा व्यास ६२२ हाच आहे. म्हणजे नांवें दोन, पण रिमचें माप एक! म्हणून इंचांच्या नांवावर विसंबूं नये. मिलिमीटरांचा दुसरा आंकडा पाहावा.

टायराप्रमाणेंच इतर भागांचीं मापेंहि जाणून घ्यावीं. साखळीच्या एका पिनेच्या मध्यापासून दुसऱ्या पिनेच्या मध्यापर्यंतचें अंतर बहुतेक सर्व सायकलींत अर्धा इंच असतें, परंतु रुंदी निरनिराळी. साध्या सायकलीच्या साखळीची आंतील रुंदी एक-अष्टमांश इंच. गिअरच्या सायकलीची त्याहून कमी. आणि मागील चक्रें जितकीं अधिक, तितकी साखळी अरुंद. आठ चक्रांची साखळी अकरा चक्रांच्या सायकलीला लावतां येत नाहीं. पायडल ज्या दांड्यांना जोडलेले असतात, त्यांचा आंस सांगाड्याच्या तळाशीं ज्या नळींत फिरतो, तिचे आटे इंग्रजी पद्धतींत उजव्या बाजूस उलटे असतात व इटालियन पद्धतींत दोन्हीकडे सुलटे असतात. डाव्या पायडलचे आटेहि उलटेच. हें ठाऊक नसलेला मनुष्य जोर लावून आटे कापून टाकतो आणि मग दोष मालाला देतो.

मापें घेण्यास मोठीं हत्यारें लागतात असें नाहीं. शाळेच्या पट्टीवर एका कडेला बारा इंच आंखलेले असतात. साखळीच्या एका पिनेचा मध्य शून्यावर धरावा आणि तेथून चोविसावी पिन मोजावी. ती बरोबर बारा इंचांवर आली, तर साखळी ठीक आहे. एक-षोडशांश इंच पुढें गेली, तर साखळी बदलण्याची वेळ आली. एक-अष्टमांश इंच पुढें गेली असेल, तर साखळीबरोबर दातेरी चक्रेंहि झिजलीं, असें समजावें. एवढ्या एका मोजणीनें पुष्कळदां परदेशी मागणीचा निम्मा खर्च वांचतो. कारण साखळी वेळेवर बदलली, तर महाग चक्रें टिकतात.

याहून सूक्ष्म मापासाठीं आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत व्हर्निअर कॅलिपर आहे. पिअर व्हर्निअर या फ्रेंच गणितज्ञानें १६३१ सालीं प्रसिद्ध केलेल्या युक्तीवर तें चालतें आणि मिलिमीटराचा दहावा भाग दाखवितें. परीक्षेपुरता लांकडी ठोकळा मोजून तें कपाटांत ठेवावयाचें, अशी बहुतेक विद्यार्थ्यांची समजूत असते. आमच्या या विद्यार्थ्यानें तें शिक्षकांच्या परवानगीनें काढून घेतलें, मोडक्या हँगरचे दोन्ही तुकडे कागदावर जुळवून त्यांची बाह्यरेषा पेन्सिलीनें काढली आणि भोकाचा व्यास, जाडी व भोकापासून टोंकापर्यंतचें अंतर हीं सारीं मापें त्या चित्रावर लिहिलीं. दुकानवाल्या काकांनीं सांगाड्याखालील नळीवर कोरलेला क्रमांक शोधून दिला. या दोन गोष्टी हातीं आल्यावर योग्य हँगर यादींतून निवडण्यास एक संध्याकाळ पुरली.

माप ठरलें, म्हणजे दुसरा प्रश्न येतो तो खर्चाचा. यादींत दिसणारी किंमत ही खरी किंमत नव्हे, हें पालकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. प्रथम एक लाभाची गोष्ट. युरोपांतील दुकानांच्या किंमतींत तेथील विक्रीकर मिळविलेला असतो. जर्मनींत तो १९ टक्के आणि इंग्लंडांत २० टक्के आहे. माल देशाबाहेर जाणार असेल, तर हा कर लागत नाहीं आणि कित्येक दुकानदार भारताचा पत्ता घालतांच तो वजा करतात. ११९ यूरोंची वस्तु अशा वेळीं १०० यूरोंस पडते. जो वजा करीत नाहीं, त्याच्याकडून घेण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

आतां तोट्याची बाजू. माल भारतांत आला, कीं त्यावर सीमाशुल्क बसतें. तें केवळ वस्तूच्या किंमतीवर बसत नाहीं. वाहतूकखर्च व विमा मिळवून जी रक्कम होते, तिच्यावर बसतें. मूळ शुल्कावर समाजकल्याण अधिभार म्हणून त्या शुल्काचे दहा टक्के घेतात. हा अधिभार २०१८ सालच्या अर्थसंकल्पापासून सुरू झाला. मग या सर्व बेरजेवर एकात्मिक वस्तु व सेवा कर लागतो. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात आणि वैयक्तिक उपयोगासाठीं आलेल्या मालाचे दर निराळेहि असूं शकतात. म्हणून मागणीपूर्वीं चालू दर पाहावे. येथें केवळ रीत समजण्यासाठीं कांहीं दर मनानें धरून एक उदाहरण सोडवूं. वस्तु ४,००० रुपयांची आणि वाहतूक १,००० रुपयांची, मिळून ५,०००. मूळ शुल्क दहा टक्के धरलें, तर ५०० रुपये. त्यावर अधिभार ५० रुपये. एकूण ५,५५०. त्यावर कर अठरा टक्के धरला, तर ९९९ रुपये. म्हणजे चार हजारांची वस्तु ६,५४९ रुपयांस पडली. यांत कुरिअर कंपनी घेईल ती हाताळणी आणि परकीय चलनाच्या बदलाबद्दल बँक घेईल ती रक्कम आणखी मिळवावी. हें त्रैराशिक घरीं आधीं मांडावें आणि मगच “स्वस्त” हा शब्द उच्चारावा.

शुल्क टाळण्याची एक चोरवाट कोणी कोणी सुचवितात. दुकानदारास सांगून पुडक्यावर “भेट” असें लिहून घ्यावें, किंवा किंमत कमी दाखवावी. ही वाट सर्वथा त्याज्य होय. एक तर तें असत्य आहे. दुसरें असें, कीं विदेश व्यापार महासंचालनालयानें १२ डिसेंबर २०१९ रोजीं काढलेल्या अधिसूचनेनें भेट म्हणून निःशुल्क माल टपालानें वा कुरिअरनें आणण्यास बंदी केली. अपवाद ठेवला तो जीव वांचविणाऱ्या औषधांचा आणि राखीचा. आणि मालाचें खोटें वर्णन वा खोटी किंमत आढळल्यास १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यान्वयें माल जप्त होऊन दंडहि होतो. शंभर रुपये वांचविण्यासाठीं वस्तु व अब्रू दोन्ही गमवावीं, यांत शहाणपण कोणतें?

पैसे भरणें हें काम विद्यार्थ्यांनीं एकट्यानें कधींहि करूं नये. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवें कार्ड प्रथम देशांतील व्यवहारापुरतेंच चालू असतें. परदेशी व्यवहारासाठीं तें कार्डधारकानें स्वतः खुलें करावें लागतें. काम होतांच तें पुन्हा बंद करावें आणि खर्चाची मर्यादा बांधून ठेवावी. माल सोडवितांना प्राप्तकर्त्याच्या ओळखीचीं कागदपत्रें मागितलीं जातात. म्हणून मागणी वडीलधाऱ्या माणसाच्या नांवानें आणि कागदपत्रांवर जसें असेल तसेंच नांव लिहून करावी.

पुडकें येतें कोणत्या मार्गानें, याचें मुलांना मोठें कुतूहल असतें. आपल्याच जिल्ह्यांत, उरण तालुक्यांतील न्हावा-शेवा येथें, २६ मे १९८९ रोजीं सुरू झालेलें जवाहरलाल नेहरू बंदर आहे. देशांतील अव्वल दर्जाच्या या बंदरांत लोखंडी पेट्यांतून घाऊक माल उतरतो. परंतु आपलें मुठीएवढें पुडकें बहुधा विमानानें मुंबईस येतें. टपालानें आलें असेल, तर तें बॅलार्ड इस्टेटमधील विदेश डाक भवनांतून सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जातें आणि मग खाडीपलीकडे आपल्याकडे निघतें. परदेशी नोंदणी टपालाचा क्रमांक तेरा अक्षरांचा असतो: आरंभीं दोन अक्षरें, मग नऊ आंकडे आणि शेवटीं माल निघाला त्या देशाचीं दोन अक्षरें, इंग्लंडचीं जी. बी., जर्मनीचीं डी. ई., भारताचीं आय. एन. नऊ आंकड्यांपैकीं शेवटचा हा पडताळ्याचा आंकडा असून, आधींच्या आठ आंकड्यांपैकीं एखादा लिहितांना चुकला, तर तो ती चूक उघडी पाडतो. १८७४ सालीं बर्न येथें स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय टपालसंघाच्या ठरावांमुळें ही एकच पद्धत जगभर चालते. या संघांत हिंदुस्थान १८७६ सालीं सामील झाला. टपालखात्यांना जें एक माप ठरवितां आलें, तें सायकलीच्या कारखानदारांना अद्याप साधलेलें नाहीं, हें पाहून मौज वाटते. मात्र तिकडेहि प्रयत्न चालू आहेत. स्रॅम या अमेरिकन कंपनीनें २०१९ सालीं सर्व सायकलींस चालावा असा एक सामान्य हँगर पुढें आणला आणि पुष्कळ कारखान्यांनीं तो स्वीकारला आहे.

दुकानदार कसा निवडावा, याविषयींहि थोडें सांगणें इष्ट आहे. ज्याचा पूर्ण पत्ता, परतीचे नियम आणि मालाचीं मापें स्पष्ट छापलेलीं असतात, तो बरा. नामांकित कंपनीची साखळी कोणी निम्म्या किंमतींत देऊं लागला, तर ती नकली असण्याचा संभव फार. मोठेपणावरहि सर्वस्वीं विसंबूं नये. इंग्लंडांतील विगल आणि उत्तर आयर्लंडांतील चेन रिॲक्शन सायकल्स हीं या धंद्यांतील दोन मोठीं नांवें २०१६ सालीं एकत्र झालीं. जगभर त्यांचीं गिऱ्हाइकें होतीं. तरी ऑक्टोबर २०२३ मध्यें त्यांचा कारभार कर्जव्यवस्थापकांच्या हातीं गेला. म्हणून पुढील खरेदीसाठीं कोणाकडे पैसे आगाऊ ठेवूं नयेत. पुडकें उघडतांना मोबाईलवर चित्रण करून ठेवावें. वाद निघाल्यास २०२० चे ई-वाणिज्याचे नियम भारतांत माल विकणाऱ्या परदेशी विक्रेत्यांनाहि लागू आहेत आणि १९१५ या क्रमांकावर ग्राहकांना सल्ला मिळतो. तथापि समुद्रापलीकडील माणसाकडून भरपाई मिळविणें हें सोपें काम नव्हे.

आतां शेवटचा आणि सर्वांत साधा प्रश्न: खरोखर काय काय परदेशांतून मागवावें? आमचें उत्तर असें, कीं फारच थोडें. ट्यूब, ब्रेकचे रबर, तारा, आरे, कॉटर पिन, चाकांतील गोळ्या, हे सारे भाग आपल्या तालुक्याच्या बाजारांत मिळतात. बहुतेक गिअरचें सामानहि देशांतील मोठ्या शहरांतून मागवितां येतें. परदेशीं पत्र धाडावें तें अशा भागासाठीं, जो आपल्या सायकलीखेरीज दुसरीस बसत नाहीं. शिवाय आपल्या किनाऱ्याची एक खास अडचण कोणत्याहि देशाचा माल दूर करूं शकत नाहीं. ती म्हणजे खारी हवा. नागांव-काशीदच्या पुळणीवर सायकल फिरविणें आनंदाचें खरें. परंतु खारें पाणी साखळीला गंज चढवितें आणि जेथें पोलाद व ॲल्युमिनिअम एकमेकांस चिकटलेले असतात, तेथें दोहोंना असें जखडून टाकतें, कीं खोगिराची नळी पुढें जन्मांत निघत नाहीं. त्यावर उपाय घरींच आहे. सायकल गोड्या पाण्यानें धुवावी, पुसून कोरडी करावी, साखळीला तेलाचे थेंब द्यावे आणि नळीला ग्रीस लावावें. दहा रुपयांचें तेल हजार रुपयांची मागणी पुढें ढकलतें.

असो. आमच्या विद्यार्थ्याचें पुढें काय झालें, हें वाचकांना सांगितलें पाहिजे. त्याची दुसरी मागणी साडेतीन आठवड्यांनीं आली. या खेपेस पैसे त्यानें आईकडे मागितले नाहींत; दिवाळीच्या सुट्टींत दुकानवाल्या काकांच्या हाताखालीं पंक्चरें काढून त्यानें ते मिळविले होते. हँगर हातानें फिरवितांच जाग्यावर बसला. दुसऱ्या दिवशीं तो पहिल्या तासाला हजर होता. शेजारच्या वृद्ध गृहस्थांची सायकल नवा ४०-६३५ टायर घालून त्यानें परत केली. तो टायर अर्थातच काकांच्या दुकानांतला.

जपानांत ओसाकाजवळ साकाई नांवाचें शहर आहे. तेथें पूर्वीं बंदुका व सुऱ्या घडविणारे कारागीर होते. परदेशी सायकली तेथें आल्या, तेव्हां त्यांचे मोडलेले भाग मापून मापून हे लोक स्वतः बनवूं लागले. त्याच शहरांत १९२१ सालीं शोझाबुरो शिमानो यांनीं एक लहानसा कारखाना काढून सायकलीचें फ्रीव्हील बनविण्यास आरंभ केला. आज जगांतील असंख्य गिअरच्या सायकलींवर, आणि आमच्या या विद्यार्थ्याच्या सायकलीवरहि, त्यांचेंच नांव कोरलेलें दिसतें. जो मोडलेला भाग नीट मोजतो, तो आज त्याचें योग्य गिऱ्हाईक होतो. आणि उद्यां कदाचित् तोच त्याचा कारागीर होईल.

त्या मुलानें आपल्या मापांची एक वही केली आहे. प्रथम तींत त्याच्या एकट्याच्या सायकलीचें पान होतें. आतां वर्गांतील तेवीस सायकलींचीं पानें झालीं आहेत. प्रत्येक पानावर टायराचा दुसरा आंकडा, साखळीची रुंदी, आंसाच्या नळीचें माप आणि सांगाड्याचा क्रमांक लिहिलेला आहे. ती वही शाळेच्या सायकल-तळाजवळील कपाटांत ठेवलेली असते. ज्यांना आपल्या सायकलीचें पान तींत जोडावयाचें असेल, त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें. व्हर्निअर कॅलिपर प्रयोगशाळेंतून आणून ठेवण्याची व्यवस्था आम्हीं केली आहे.